शरद ऋतू बालवाडीत: अंगणातून वर्गात आणण्याचे उपक्रम

ऑक्टोबर आला की कितीतरी बालवाड्यांच्या भिंतींवर लाल-केशरी पानांची झाडं लागतात. सोबत मोठा भोपळा, लोकरीची टोपी घातलेलं मूल आणि ओक झाडाची फळं गोळा करणारी खार. चित्रं देखणी असतात, पण ती अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या शरदाची असतात. तिथली झाडं कडाक्याच्या थंडीआधी पानं गाळतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी मुलाला ती पानं शाळेच्या वाटेवर खरोखर सापडतात. नगर, चिपळूण किंवा यवतमाळच्या मुलाला मात्र खिडकीबाहेर हिरवी झाडं, कमरेएवढं गवत आणि डोळे दिपवणारं ऊन दिसतं. आपल्याकडचे साग, पळस, सावर ओके-बोके होतात ते बरंच पुढे, थंडी सरत येते आणि जमिनीतली ओल आटते तेव्हा.

आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पाऊस माघारी जातो, आकाश निवळतं, पिकं कापणीला येतात, चतुर आणि फुलपाखरं उडत असतात, सकाळी गवतावर दव असतं आणि संध्याकाळी चंद्र स्वच्छ दिसतो. तीन ते सहा वर्षांचं मूल हात लावून, वास घेऊन, मोडून-जोडून शिकतं. म्हणून या वयात ऋतू शिकवायचा तो हाताला लागणारा. पुढचे उपक्रम याच बेताने मांडले आहेत. अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या ताई आणि घरी मुलांसोबत वेळ काढणारे आई-बाबा, आजी-आजोबा या सगळ्यांना ते करता येतील. खर्च जवळजवळ नाही.

आधी परिसर फेरी

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं, त्याचं सूत्र हेच होतं की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरली. आजच्या वर्गाला भिंती असल्या, तरी शरदात आठवड्यातून एकदा बाहेर पडणं जमवायला हवं.

फेरी सकाळी लवकर काढा. दहानंतर ऑक्टोबरचं ऊन लहान मुलांना सोसत नाही. वीस मिनिटं पुरेत. प्रत्येक फेरीला एकच काम द्या: आज फक्त पिवळ्या रंगाच्या गोष्टी शोधायच्या, आज फक्त कोळ्याची जाळी, आज फक्त आवाज ऐकायचे. सगळंच पाहायला सांगितलं तर मुलं काहीच पाहत नाहीत.

या दिवसांत काय सापडेल? दवाने भिजलेली जाळी, तळ्याकाठी आणि मोकळ्या मैदानावर घिरट्या घालणारे चतुर, झेंडूवर बसलेली फुलपाखरं, पारिजातकाचा सडा, शहरात रस्त्याकडेला सातवीणीच्या फुलांचा उग्र वास. ओढ्याकाठी शेपटी सतत वरखाली हलवणारा धोबी पक्षी दिसला तर मुलांना जरूर दाखवा. तो बहुधा हिवाळ्यासाठी उत्तरेकडून आलेला पाहुणा असतो. परतल्यावर वर्गात एका टेबलावर किंवा सतरंजीवर ‘शरदाचा कोपरा’ मांडा आणि फेरीत जमवलेल्या वस्तू तिथे ठेवा. मुलांना त्या कधीही हाताळता आल्या पाहिजेत. काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूंचा उपयोग नाही.

घटातलं धान्य: उजेड आणि अंधार

घटस्थापनेला अनेक घरी मातीत धान्य पेरतात. वर्गात याचा सुंदर प्रयोग होतो. गहू रात्रभर भिजवा. दोन पसरट कुंड्यांत किंवा जुन्या थाळ्यांत माती घालून सारखेच गहू पेरा. एक थाळी खिडकीत ठेवा, दुसरी टोपलीखाली झाका. पाणी मुलांनीच शिंपडायचं, पण हाताने. तांब्याने ओतलं की माती चिखल होते आणि बुरशी धरते.

दोन-तीन दिवसांत कोंब वर येतात. मग रोज एक मूल कागदाची पट्टी कोंबाशेजारी उभी धरेल आणि उंचीएवढी कापेल. ती पट्टी भिंतीवर चिकटवा. आठवड्याभरात शेजारी-शेजारी लागलेल्या पट्ट्यांचा आलेख तयार होतो. सेंटिमीटर सांगायची गरज नाही. ‘कालच्यापेक्षा मोठी की लहान?’ एवढा प्रश्न पुरतो.

काही दिवसांनी टोपली काढा. अंधारातले कोंब उंच, लवलवीत आणि पिवळट असतात, उजेडातले ठेंगणे आणि हिरवे. कारण लगेच सांगू नका. ‘हे असं का झालं असेल?’ असं विचारा आणि मुलांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत तक्त्यावर लिहा. मग पिवळी थाळी खिडकीत ठेवा. ती हिरवी होऊ लागली की बहुतेक मुलं उत्तराला स्वतःच येऊन भिडतात.

भोंडला: अंग, आठवण आणि खिरापत

सूर्य हस्त नक्षत्रात असतो त्या काळात हादगा, नवरात्रात भोंडला, खानदेश-विदर्भात कोजागिरीपर्यंत भुलाबाई. नावं आणि रीती वेगळ्या असल्या तरी फेर धरणं, गाणं आणि खिरापत ही अंगं बालवाडीसाठी जणू बेतूनच घेतलेली आहेत. मुलगे आणि मुली दोघांनाही फेरात घ्या. मधे पाटावर हत्ती काढायचं काम मोठ्या गटाला द्या. सोंड, कान, पाय, शेपटी एकेका मुलाने काढावी.

फेरातली हालचाल रोज बदला: चालत, टाचांवर, मागे मागे, टाळी वाजली की दिशा बदलून. हे स्थूल स्नायूंचं काम झालं. भोंडल्याला गाणी रोज एकेकाने वाढवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, तीच कृतींना लावा. पहिल्या दिवशी एक कृती, दुसऱ्या दिवशी आधीची आणि एक नवी, असं करत पाचव्या दिवशी पाच कृती क्रमाने. ओळीने आठवणं, क्रम राखणं आणि मोजणं हे तिन्ही खेळता खेळता घडतं.

खिरापत ओळखणं हा तर भाषेचा उत्तम तास आहे. झाकलेला डबा फिरवा. छोट्या गटाने हलवून आवाज ऐकायचा आणि झाकण किलकिलं करून वास घ्यायचा. मधल्या गटाने शब्द सांगायचे: गोड, आंबट, खारट, कुरकुरीत, मऊ, चिकट. मोठ्या गटाने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे: ‘गोड आहे का?’, ‘तळलेलं आहे का?’, ‘आंघोळीआधी खातात का?’ असा वेडा प्रश्न आला तरी चालेल. प्रश्न तयार करणं हे उत्तर देण्याहून अवघड काम आहे आणि त्याची संधी मुलांना फार कमी मिळते. शेंगदाणा, तीळ किंवा दूध कोणाला बाधतं का, हे पालकांना आधी विचारून ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे तीन वर्षांच्या मुलांना देऊ नका. कूट किंवा लाडू चालेल.

पानं: आपटा, कांचन आणि मंडळी

दसऱ्याच्या सुमारास वर्गात पानं आपोआप येतात. आपट्याचं पान मधोमध दुमडलं की दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात. सममिती शिकवायला याहून सोपं साधन नाही. मोठ्या गटाला अर्धं पान कागदावर चिकटवून द्या आणि उरलेलं अर्धं काढायला सांगा.

बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची पानं विकली जातात. दोन्ही पानं मिळाली तर उत्तम. आपट्याचं पान लहान आणि जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि लांबट. जोडीला आंबा, पिंपळ, जास्वंद, तुळस ठेवा. छोट्या गटाने सारख्या पानांच्या जोड्या लावायच्या. मधल्या गटाने लहान ते मोठं असा क्रम लावायचा. सुरुवात तीन पानांनी करा, मग पाच. मोठ्या गटाने गट पाडायचे आणि कशावरून पाडले ते सांगायचं. कडा गुळगुळीत की दातेरी, वास आहे की नाही, टोक आहे की नाही, काहीही चालेल.

पान पालथं ठेवून वर कागद धरा आणि आडव्या मेणखडूने हलके घासा. शिरांचं जाळं उमटतं तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. छोट्या हातांना कागद धरणं जमत नाही, म्हणून कडा चिकटपट्टीने बसवून द्या.

एक काळजी मात्र घ्या. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. वर्गासाठी गळून पडलेली पानं किंवा प्रत्येकी एखादंच पान घ्या. ‘सोनं’ म्हणून मुलांनी रंगवलेलं कागदी पान एकमेकांना द्यायलाही काय हरकत आहे?

झेंडूचं तोरण, झेंडूचं बी

आकृतिबंध म्हणजे पॅटर्न शिकवायला झेंडू हाताशी असतो. आधी जमिनीवर ओळ मांडा: पिवळं, केशरी, पिवळं, केशरी. मग पुढे काय येईल ते विचारा. जमलं की दोन पिवळी, एक केशरी. मग मधे आंब्याचं पान. मुलं ओळ मांडायला शिकली की एक फूल मुद्दाम चुकीचं ठेवा आणि ‘गडबड कुठे झाली?’ हा खेळ घ्या. ओवण्यासाठी बोथट, मोठ्या नेढ्याची सुई फक्त मोठ्या गटाला, तीही ताई शेजारी असताना.

सण झाला की तोरण फेकू नका. वाळलेलं फूल मुलांना सोडायला द्या. प्रत्येक पाकळीच्या तळाशी काळं, काडीसारखं बी चिकटलेलं असतं. एका फुलात इतकं बी पाहून मुलं चकित होतात. ते कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर मुलांनी फुलाचं चित्र काढावं आणि पुढच्या पावसाळ्यात पेरावं. अर्धी वाटी बी पुढच्या वर्षीच्या नव्या मुलांच्या नावाने ठेवता येईल.

मोज्याला चिकटलेलं रान

पावसाळ्यात वाढलेलं गवत आता पिवळं पडून बी धरतं. मुलांच्या बुटांवरून मोठ्यांचे जुने, लोकरी किंवा जाड सुती मोजे चढवा आणि कमी उंचीच्या गवतातून पाच मिनिटं चाला. परत येऊन पांढऱ्या कापडावर मोजे पसरा. आघाड्याचं बी, गवताची तुसं आणि ओळखू न येणारं बरंच काही चिकटलेलं असतं. भिंगातून पाहा. ‘हे बी आपल्याबरोबर का आलं असेल?’ हा प्रश्न इथेच विचारा. गाय किंवा कुत्रा रानातून फिरला तर त्याच्या अंगावरही हेच होतं, हे मुलं स्वतः सांगतात. मग एक मोजा तसाच ओल्या मातीवर आडवा पसरा, वर थोडी माती घाला आणि रोज पाणी द्या. काय उगवेल हे कोणालाच माहीत नसतं, ताईंनाही. तेच या उपक्रमाचं गमक.

टोकदार कुसळ असलेलं गवत टाळा. ते मोज्यातून आत घुसतं आणि टोचतं.

कापणीचं ताट

आपल्या भागातलं पीक वर्गात आणा. कोकणात भाताची लोंबी, देशावर बाजरीचं कणीस, मराठवाड्यात सोयाबीनच्या शेंगा, विदर्भ-खानदेशात कापसाचं बोंड. शेतकरी पालक किंवा आजोबा एक दिवस वर्गात आले तर सोन्याहून पिवळं. कापणी, मळणी, पाखडणी, निवडणी हे शब्द मुलांनी त्यांच्या तोंडून आणि सुपासकट ऐकावेत.

लोंबीतला दाणा बोटाने सोलून तूस वेगळं करणं, कणसातले दाणे सुटे करणं, कापसातून सरकी काढणं ही बोटांच्या बारीक स्नायूंची खरी मेहनत आहे. पुढे पेन्सिल धरायला हेच स्नायू लागतात. ‘अजून लिहायला का शिकवत नाही?’ असं विचारणाऱ्या पालकांना सरकी काढायला बसवा आणि हे सांगा. फवारणी झालेल्या शेतातलं पीक असू शकतं, म्हणून दाणे तोंडात जाऊ देऊ नका आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवा.

पालघर-डहाणूकडे कापणीनंतर तारपा वाजतो आणि वारली घरांच्या गेरूच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढली जातात. तांदूळ शेतातून आला, त्याचं पीठ झालं आणि त्या पिठाने भिंतीवर माणसं नाचली, ही साखळी मुलांना दाखवा. गेरूने रंगवलेल्या पुठ्ठ्यावर काडीने गोल, त्रिकोण आणि रेघा काढू द्या. नमुना गिरवायला देऊ नका. प्रत्येकाच्या घरात कोण कोण आहे ते त्याने आपल्या आकारांत काढावं.

चंद्राचा तक्ता

आश्विनातले सण चंद्राच्या वाढीबरोबर चालतात. घटस्थापना प्रतिपदेला, दसरा दशमीला, कोजागिरी पौर्णिमेला, आणि तिथून घटत घटत दिवाळीची अमावास्या. आकाश निवळलेलं आणि शुद्ध पक्षातला चंद्र संध्याकाळीच वर, म्हणजे मुलं झोपायच्या आधी. पालकांना एक काळा कागद आणि पांढरे कागदी गोल द्या. मुलाने रोज चंद्र पाहायचा, गोलाचा तेवढा भाग फाडून चिकटवायचा. ढग असले तर ढग चिकटवायचा, पाहायला विसरलो तर जागा रिकामी. रिकामी जागा ही चूक नाही, तीही नोंदच आहे.

पौर्णिमेनंतर चंद्र उशिरा उगवू लागला की ‘चंद्र हरवला’ अशी तक्रार येईल. तेव्हा सकाळी शाळेच्या वाटेवर पश्चिमेकडे पाहायला सांगा. निळ्या आकाशात फिकट चंद्र दिसतो. चंद्र फक्त रात्री असतो हा समज तिथेच गळून पडतो.

ऊन आणि सावली

अंगणात खडूने पाऊलखुणा काढा. सकाळी साडेनऊला एका मुलाला तिथे उभं करून सावलीची कड आखा. साडेअकराला तेच मूल त्याच खुणांवर. सावली आखूड झाली आणि सरकली. का? इथेही उत्तराची घाई नको. त्याच दिवशी दोन ओले रुमाल वाळत घाला, एक उन्हात, एक सावलीत, आणि कोणता आधी वाळेल यावर मुलांचं मत हात वर करून घ्या. पावसाळ्यात कपडे वाळत नव्हते, हे मुलांना आठवतंच.

दिवाळीची सुट्टी लागण्याआधी

मातीचा किल्ला ही गटकामाची मोठी संधी आहे. मुलांनी उतार करावा, पाणी ओतून ते कुठून वाहतं ते पाहावं, वर अळीव किंवा मोहरी पेरावी. अंगठ्याने दाबून पणती करता येते. रांगोळीसाठी फुलांच्या पाकळ्या किंवा तांदळाचं पीठ वापरा. बाजारची बारीक रांगोळी नाकात जाते.

कशापासून जपायचं

- बिया मोजायला, लावायला छान वाटतात, पण मुलं त्या नाकात-कानात घालतात. तीन वर्षांच्या गटात चिंचोके, सीताफळाच्या बिया नकोत. मोठ्या गटातही आणताना आणि परत ठेवताना मोजा.
- सीताफळाच्या बिया फोडू देऊ नका. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर मोठा त्रास होतो.
- गुंजा कितीही आकर्षक दिसल्या तरी वर्गात नकोत, त्या अतिशय विषारी असतात. कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया आणि रुईचा चीक यांपासूनही मुलांना दूर ठेवा.
- पावसाळ्यानंतरच्या दाट गवतात साप-विंचू असू शकतात. वाट आधी मोठ्यांनी चालून, काठीने गवत हलवून पाहावी. दगड उचलू नयेत.
- डासांचे दिवस असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगा आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका.

एका आठवड्याची आखणी

सोमवारी परिसर फेरी आणि शरदाचा कोपरा मांडणं. मंगळवारी पानांचं वर्गीकरण आणि शिरांचे ठसे. बुधवारी कापणीचं ताट, पाहुण्या आजोबांसह. गुरुवारी फेर आणि खिरापत. शुक्रवारी सावली आणि रुमाल. शनिवारी मुलांनी आठवड्यातलं एक आठवून सांगायचं आणि चित्र काढायचं. कोंबाची पट्टी आणि चंद्राचा तक्ता रोज पाच मिनिटं.

वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं असतात. कोणाकडे घट बसतात, कोणाकडे नाही. ‘तुमच्या घरी काय करता?’ असा प्रश्न सगळ्यांना विचारा आणि कोणाचंही उत्तर कमी लेखू नका. कोंब, चंद्र, पीक आणि ऊन सगळ्यांचं असतं, म्हणून उपक्रमाचा भर तिथे ठेवा.

नोंद ठेवताना ‘आलं’ किंवा ‘नाही आलं’ अशा खुणा करू नका. कोणत्या मुलाने कोणता प्रश्न विचारला, कोणता नवा शब्द वापरला, कोणाने कोणाला मदत केली, हे दिवसाला दोन-तीन मुलांबद्दल एका ओळीत लिहा. महिन्याभरात प्रत्येक मुलाविषयी पालकांना सांगण्यासारखं काहीतरी तुमच्या वहीत असेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आहे आणि तो खेळातून, कृतीतून शिकण्याचा आहे असं म्हटलं आहे. कार्यपुस्तिकांची मागणी करणाऱ्या पालकांशी किंवा व्यवस्थापनाशी बोलताना याचा आधार घ्या.

हे सगळंच एका वर्षी करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी गव्हाच्या दोन थाळ्या आणि चंद्राचा तक्ता एवढं नीट करा. ते रुळलं की पुढच्या वर्षी आणखी दोन उपक्रम घ्या. सामान जमवायला नवरात्राच्या आधीचा आठवडा पुरतो, तेव्हा यंदा त्या आठवड्यात गहू, माती आणि एक जुनी टोपली वर्गात आणून ठेवा.